थिनरचा वास येणारं तूप

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोडरखाली पाठीवर पडून ग्रीस भरत होतो. त्याचा मुलगा राजू हिंदीत म्हणाला, "काका, बाबूजी नहीं रहे." मी म्हणालो, "त्याले सांग, एवढं ग्रीस भरून येतो." यात माझं काही चुकलं असं मी अजूनही मानत नाही. मधुकर देशकर हा माणूस याआधी तीन वेळा मेलेला होता. एकदा त्याला माझ्याकडून पाना परत पाहिजे होता. एकदा गुढियारीतल्या त्याच्या दुकानात त्याला एकट्याला चहा जात नव्हता. आणि एकदा तर त्यानं स्वतःच आवाज बदलून फोनवर सांगितलं होतं की मधुकरराव गेले, लवकर या, येताना समोसे आणा. चौथ्या वेळी मी ग्रीसचे सगळे निपल भरले, हात पुसले आणि समोसे घेऊनच निघालो. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्याच्या घरापुढे चपलांचा ढीग दिसला तेव्हा... पुडी स्कूटरच्या डिक्कीतच राहिली. तिसऱ्या दिवशी वास आला तेव्हा आठवली.

याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात आमच्या मराठी मंडळातल्या शिकलेल्या लोकांनी त्याच्यावर लिहून पाहिलं. मनमिळाऊ, मृदुभाषी, सर्वांचा लाडका, एवढ्यावर त्यांचं पेन थांबलं. मधू मृदुभाषी असता तर माझी त्याची चाळीस वर्षं दोस्ती टिकली नसती. म्हणून मी लिहायला घेतलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुरवणीत छापायचं म्हणून मला-तुला लिहितो आहे, नाहीतर आम्ही जन्मभर मले-तुलेच बोललो.

मधूचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून रायपूरचं. माझे वडील फार नंतर विदर्भातून आले, गुढियारीच्या मालधक्क्यावर बैलगाडीनं पोती वाहायला. हा फरक त्यानं मला कधी विसरू दिला नाही. "तुया बाप गाडी घेऊन आला, तवा आमचं घर जुनं झालं होतं," असं तो म्हणायचा. मी म्हणायचो, "म्हणूनच गळून राहिलं." त्याचं दुकान मात्र आमच्या बाजूला, गुढियारीत. ट्रक आणि मोठ्या मशीनींचे तेलाचे पाईप, ज्यांना आम्ही होज म्हणतो, ते कापून त्यांच्या टोकांना लोखंडी फिटिंग दाबून बसवायचं काम. त्याच्या खुर्चीमागे तारेत ओवलेली फिटिंगची माळ लटकलेली असे. गिऱ्हाइकानं मशीनचं नाव सांगितलं की तो मागे न बघता हात घालून नेमकी वस्तू काढायचा. चुकली तर गिऱ्हाइकाला म्हणायचा की तुझी मशीन चुकीची आहे.

नवी राजधानी बांधायला सुरुवात झाली तेव्हा बाहेरचा एक ठेकेदार बागबगिच्यांसाठी एक छोटा परदेशी ट्रॅक्टर घेऊन आला होता. गाईएवढा असेल. पुढे माती उचलायचा लोडर, दोन हात आणि एक बकेट. काम संपल्यावर ठेकेदाराला तो परत न्यायचा कंटाळा आला आणि मी तो घेतला. जिथे मोठी मशीन घुसत नाही अशा गल्ल्यांमध्ये माझंच राज्य झालं. मशीन कोणत्या देशाची यावर मात्र एकमत नव्हतं. ठेकेदार जपान म्हणे, मधू इटली म्हणे, आणि मी म्हणे की माझ्या अंगणात उभी आहे तर गुढियारीची.

वडिलांचे बैल गेल्यावर आमच्या घरचा पोळा बंद पडला होता. मशीन आल्यावर मी तो पुन्हा सुरू केला. लोडरचे दोन हात म्हणजे शिंगं. दर पोळ्याला लाल ऑईलपेंट, गळ्यात माळ, बोनेटवर पुरणपोळी. शेजारचे छत्तीसगढी लोक पोळ्याला पोरा म्हणतात, ते त्यांच्या सणाची तळलेली ठेठरी-खुर्मी आणून ठेवत. पहिल्याच वर्षी रंगवताना लोडरच्या खांद्याजवळ, जिथे हात मशीनला जोडलेला असतो तिथे, बोटभर पत्र्याची पट्टी दिसली. तिच्यावर इंग्रजीत अक्षरं आणि आकडे ठोकलेले होते. ठेकेदार म्हणाला होता की हा नंबर लिहून ठेवा, सुटे भाग यावरूनच मिळतात. आता खरं सांगतो. मला इंग्रजी वाचता येत नाही. सह्या मराठीत करून आणि चष्मा घरी विसरून मी सत्तरीपर्यंत पोचलो, आणि ही गोष्ट घरच्या माणसांनाही कळू दिली नाही. त्या पट्टीकडे मी थोडा वेळ पाहिलं आणि तिच्यावरून लाल ब्रश फिरवला. बैल रंगवताना अर्धा सोडत नाहीत, असं स्वतःला सांगितलं. पुढे दर वर्षी त्यावर एक हात चढत गेला.

मग आलं बूढापाऱ्याचं काम. आमच्या मराठी मंडळाची तिथे एका अरुंद गल्लीत जागा आहे, आणि पडलेल्या भिंतीचा मलबा तिच्यात कंबरभर साचलेला होता. त्या वर्षी पहिल्यांदा गणपती तिथे बसवायचा ठरला. सभेत मंडळाचे सचिव, ऑफिसातून रिटायर झालेले, म्हणाले की मजूर लावू, नामदेवरावांची ती खेळण्यातली गाडी नको. मी उभा राहिलो आणि बोललो, "चतुर्थीच्या आधी जागा साफ नाही झाली, तर या मंडळाची पायरी चढणार नाही." टाळ्या वाजल्या. मधू शेजारी बसला होता. तो हळूच म्हणाला, "बस आता, नाम्या. उभा राहिला की तू जास्त बोलतो."

दुसऱ्याच दिवशी बकेट भरून वर गेली आणि लोडरच्या हाताचा होज फुटला. तेलाचा फवारा निघाला तो थेट पाहणीला आलेल्या सचिव साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर. ते चष्मा काढून पुसायला गेले, तर पुसायला अंगावर कोरडी जागाच नव्हती.

होजचं काय, मधूनं अर्ध्या तासात नवा कापला. अडलं फिटिंगवर. जुनं फिटिंग फुटलेलं, आणि माळेतलं जे बसवावं ते दिसायला बरोबर. चुडी, म्हणजे आटे, शेवटपर्यंत चढायची. पण आपल्या इकडच्या फिटिंगचं तोंड आत खोलगट आणि मशीनचंही खोलगटच, त्यामुळे तोंडाला तोंड लागेना. इंजिन चालू केलं की तिथून तेल गळायचं. मधू म्हणाला, "मॉडल नंबर काय आहे हिचा?" मी म्हणालो, "नंबर नाही हिले." तो म्हणाला, "नंबर नाही अशी मशीन नसते बे. रंग खरवड, खाली असंल." मी म्हणालो, "मी पाह्यलं आहे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग जुनं फिटिंग प्रसादासारखं रुमालात बांधलं आणि म्हणाला, "चाल. स्कूटर काढ."

नऊ दिवस आम्ही फिरलो. स्टेशनजवळची दुकानं झाली, टाटीबंधकडची ट्रकवाल्यांची झाली, भिलाईला जाऊन आलो. प्रत्येक दुकानदाराचा पहिला प्रश्न मॉडल नंबर, आणि प्रत्येक वेळी मी छाती काढून सांगायचो की हिला नंबर नसतो. एकानं विचारलं, मग हिची ओळख काय? मी म्हणालो, माझी आहे. तो आत जाऊन पाणी पिऊन आला. एकानं तांब्याचं वॉशर दिलं, एकानं पांढरी टेप गुंडाळली, एकानं जाता जाता हनुमानाला नारळ सांगितला. एका खरादवाल्यानं, म्हणजे लेथवाल्यानं, नवीन तोंड घडवून दिलं. मशीन त्याच्या दारात नेऊन ते तिथेच लावून पाहिलं. दोन वेळा बकेट वर गेली, आम्ही एकमेकांची पाठ थोपटली, तिसऱ्या वेळी फवारा त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेला आणि अख्खा महिना वाचता येईनासा झाला. नवव्या दिवशी परत येताना मी मागून म्हणालो की राहू दे, मंडळाची पायरी नाही चढलो तर मरत नाही. मधूनं स्कूटर थांबवली. "तू नाही चढला तर मी तिथं कोणाशी भांडू?" एवढं म्हणाला आणि पुन्हा किक मारली.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची आदली सांज. आमच्यात त्या सांजेला बैलाची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्याला पळसाच्या पानानं कोमट तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतण देतात. मी मशीनचीही खांद शेकायचो, पण त्या वर्षी माझं मन नव्हतं. अंगणात उदास बसलो होतो, तर मधू आला. एका हातात वाटी, एका हातात पळसाची पानं, धोतर नेसलेला. त्याला धोतरात मी लग्नातच पाहिलं होतं. म्हणाला, "बैल दुखणाईत आहे म्हणून खांद नाही शेकायची काय?" आणि सरळ जाऊन लोडरच्या डाव्या खांद्याला पान चोळू लागला. मी जवळ गेलो. नाकाला काही तरी झोंबलं.

"मधू, तुपाले थिनरचा वास काहून येऊन राहिला?"

"गावठी आहे," तो म्हणाला.

तो चोळतच राहिला. पान लाल झालं, मग दुसरं पान. इतक्या वर्षांच्या पोळ्यांचा रंग एकेक थर करून उतरला आणि खालून ती पट्टी निघाली. मी तिथेच उभा होतो. आता हा म्हणेल, वाच... माझा चष्मा खिशातच होता, आणि तो खिशातून वर दिसत होता. मधूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःशीच बोलल्यासारखा एकेक अक्षर, एकेक आकडा मोठ्यानं म्हणाला, नागपूरच्या एका ओळखीच्या दुकानदाराला तिथूनच फोन लावला, आणि पुन्हा तेच म्हणून दाखवलं. मग पान खाली ठेवलं, मशीनपुढे हात जोडले आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मशीन जपानचीच निघाली. हे मात्र त्यानं मरेपर्यंत मानलं नाही. म्हणे पट्टी जपानी, आतून इटलीच.

फिटिंग नागपूरहून बसनं आलं. मधूनं होज दाबून दिला, एक थेंब गळला नाही, आणि चतुर्थीच्या आदल्या दुपारी जागा साफ झाली. स्थापनेच्या दिवशी सचिव साहेबांनी, नवीन शर्टात, सगळ्यांसमोर विचारलं की शेवटी भाग मिळाला कसा? मी तोंड उघडायच्या आत मधू म्हणाला, "नाम्यानं नंबर वाचला. आम्ही सगळे आंधळे होतो." लोक माझ्याकडे पाहू लागले. त्या वेळी मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी कॉलर सरळ केली. एवढंच नाही, पोळ्याच्या सकाळी, म्हणजे नंबर नागपूरला पोचल्यावर लगेच, मी त्या पट्टीवर पुन्हा लाल रंग मारून मोकळा झालो होतो. मधूनं तो ओला रंग पाहिला होता, पुरणपोळी खाल्ली होती, आणि एवढंच म्हणाला होता की यंदा शिंगं छान झाली.

तेराव्यानंतर राजूनं मला दुकानात बोलावलं. तो नोकरीवाला, दुकान बंद करणार आहे. बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "काका, बाबूजी ने आपके नाम से रखा था. बोले थे, इसमें कुछ लिखना मत." डब्यात माझ्या मशीनची फिटिंग होती, प्रत्येक होजची एकेक, तेलाच्या कागदात गुंडाळलेली. त्यानं ती केव्हा मागवली ते राजूलाही माहीत नव्हतं. प्रत्येकाला तारेनं पत्र्याचा एक तुकडा बांधलेला आणि त्यावर पांढऱ्या रंगानं चित्र. हातांच्या होजला शिंगं. बकेटच्या होजला पोळी उलटायचं उलथणं. मागच्या होजला शेपूट. एका तुकड्यावर अख्खा बैल काढायचा प्रयत्न आहे, त्याला दाढी असल्यासारखी दिसते. तो बकरा आहे. सगळ्या डब्यात एक अक्षर नाही, एक आकडा नाही... मी त्याच्या खुर्चीत बसून राहिलो. राजूनं विचारलं, "काका, पानी लाऊँ?" मी म्हणालो, "हव."

परवा पोळा झाला. आदल्या सांजेला मी एकट्यानंच खांद शेकली. त्याची रीत म्हणून वाटीत थोडं थिनर घातलं, पट्टी उघडी केली, आवतण दिलं. सकाळी शिंगं रंगवली, माळ घातली, बोनेटवर पुरणपोळी ठेवली आणि शेजारी एक समोसा. डबा सीटखाली आहे, तो बकरा सगळ्यांत वर. पट्टीवर मात्र या वेळी ब्रश फिरवला नाही. लाल मशीनवर ती बोटभर जागा पांढरी चमकते, आणि येणारा-जाणारा विचारतो की काका, इथे रंग मारायचा राहिला काय. मी म्हणतो, राहिला नाही, तिथे नंबर आहे. मला वाचता येत नाही. तुला येत असेल तर वाच, आणि मोठ्यानं वाच.