दसरा न पाहिलेलं मशीन

माझा दोस्त सिद्धाराम गेल्याचं मला वहिनींनीच कळवलं होतं. तीन आठवड्यांनी पुन्हा त्यांचाच फोन. "भावजी, तेवढं मशीन घेऊन जावा. ते हाय तवर मला त्या खोलीत पाऊल टाकवत न्हाय."

मी फेकतो, हे अख्ख्या सोलापूरला ठाऊक आहे. आमच्या उन्हात वाळत घातलेली चादर इस्त्री होऊनच खाली येते, हे मी पुण्याच्या पाहुण्यांना शपथेवर सांगितलेलं आहे. माझं निम्मं बोलणं कापून उरलेलं ऐकायचं, असा सिद्धारामचा नेम, म्हणून त्यानं माझं नावच 'निम्म्या' ठेवलं होतं. वाचकांनीही आपापल्या परीनं कापावं. फक्त या हकिगतीत कात्री कुठं लावायची, ते मला सांगता येत नाही...

चादरीच्या कारखान्यात तो वायरमन होता. निवृत्त झाल्यावर त्याला जुने कॉम्प्युटर गोळा करायचा नाद लागला. घरात इतके साठले की मुक्कामाच्या पाहुण्याला उशाला मॉनिटर मिळे. त्याची तपासायची रीत निराळी. स्क्रूला हात लावण्याआधी नाक लावायचा. जळका वास आला तर पॉवर सप्लाय गेला, आंबट आला तर बॅटरी पाझरली आणि उंदराचा आला तर म्हणायचा, "आत भाडेकरू हाय."

दुधनीच्या एका बंद पडलेल्या आडत दुकानात असंच एक जुनं धूड आहे असं कळलं, आणि आम्ही माझ्या गाडीतून निघालो. बघतो तर कॉम्प्युटर पाटावर बसलेला. काचेला हळदकुंकू, वर वाळून भुगा झालेला झेंडूचा हार. दुकानाच्या मालकीणबाई, सगळे त्यांना अक्का म्हणत, दारातच उभ्या राहिल्या. त्यांच्या यजमानांनी खंडेनवमीला वह्या-तराजूबरोबर हेही पूजेला बसवलं होतं. दसऱ्याच्या सकाळी उठवायच्या आत ते स्वतःच गेले. वह्या, तराजू पुढे कुणी कुणी उचलले, याला मात्र इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता.

"बसवलंय, उठवायचं ऱ्हायलंय की," अक्का म्हणाल्या. "अक्षता टाका, जरा हलवा, मग न्या."

"अक्का, ह्याला उठवायला करंट लागतोय, अक्षता न्हाय," असं म्हणून सिद्धारामनं ते सरळ कडेवर घेतलं. अक्का "बेड, बेड" करत गाडीपर्यंत आल्या. म्हणजे कानडीत नको, नको. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो.

वाटेतलं वळसंग मागे पडेपर्यंत गाडीत ताज्या झेंडूचा वास होता.

घरी येऊन त्यानं मशीनला नाक लावलं आणि तसाच वाकून राहिला. काय रे, म्हटलं, तर म्हणाला, "कापूर." झाकण काढलं. आमच्याकडं ताटातली भाकरी मोडेस्तोवर तिच्यावर धूळ बसते, पण त्याच्या आत कणभर धूळ नव्हती. वायरमनच्या रिवाजानं त्यानं वायरीच्या वाटेत एक बल्ब जोडून करंट सोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो. तो नुसता मिणमिणला. पडदा हिरवा झाला आणि तारीख विचारू लागला.

त्या काळच्या मशीनमध्ये घड्याळ जपणारी बॅटरी नसे. बंद केलं की ते सगळं विसरायचं आणि चालू केलं की कारखान्यानं ठरवलेली जुनीपुराणी तारीख दाखवून खरी विचारायचं. या मशीननं मात्र भलतीच तारीख दाखवली. अक्कांना फोन लावला. ती त्यांची तीच खंडेनवमी निघाली.

सिद्धारामनं आजची तारीख घातली, बंद केलं, पुन्हा चालू केलं... नवमी. दुसऱ्या दिवशीही नवमीच. मग तो चौकात चहाला यायचा बंद झाला. ताट खोलीत जाऊ लागलं. मी ओढायला गेलो की मान न वळवता म्हणे, "निम्म्या, ह्याला एकदा दसरा दाखवायचाच."

एका दुपारी वहिनी चहा घेऊन गेल्या, तर तो खुर्चीत तसाच, बोटं कळांवर. मशीन चालूच होतं. त्यांनी पडद्याकडं न बघता प्लग ओढला.

तर मशीन आणायला मी गेलो ते खिशात अक्षता घेऊन. होय, मोठ्यानं हसलो होतो तोच मी. वहिनी उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि म्हणाल्या, न्यायच्या आधी एकदा लावून बघा. लावलं. बल्ब मिणमिणला, पडदा हिरवा झाला. पण नवमी नव्हती. सिद्धाराम गेला तो दिवस होता. यात मी एका आकड्याचीही भर घातलेली नाही, तशी इच्छाही झाली नाही.

वहिनी आत आल्या. तारीख वाचली, मग पदरानं काच पुसली. मी खिशातून अक्षता काढल्या, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"उठवू नका, भावजी... उठून कुटं जातील?"

मी अक्षता घेऊन परत आलो. मशीन तिथंच आहे. रोज सकाळी वहिनी दारात न थबकता आत जातात, ते चालू करतात आणि समोरच्या खुर्चीत बसतात. ते तारीख दाखवतं, खरी कोणती विचारतं. वहिनी काही टाइप करत नाहीत, नुसतं एंटर दाबतात. तसं केलं की दाखवलेलीच तारीख कायम राहते. त्यांनी जन्मात कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. हे त्यांना कुणी शिकवलं, ते मी विचारलेलं नाही.