मादी कानूतेने गाळलेलं नाव

आफ्रिकेतल्या कीता गावात भाटाच्या पोराला धड चालता येण्याआधी यजमानांची नावं पाठ होतात. भाटाचा पोरगा मादी कानूते यालाही घरच्या यजमानांच्या, तुंकारांच्या, सतरा पिढ्या पाठ होत्या. मग तो अमेरिकेला गेला, अकरा वर्षं जॅझवाल्यांच्या संगतीत एकवीस तारांचा कोरा वाजवला आणि नवंच खूळ घेऊन परतला. सगळं तोंडाने सांगायचं नसतं म्हणे. थोडं तारांवर सोडायचं, ऐकणारा भरून काढतो. तिकडे लोक यासाठी तिकीट काढत. इथे त्याला एकच हवं होतं: बापाने, बाकारीने, घराण्याचा जुना कोरा हयातीतच आपल्या हाती द्यावा.

बुरामा तुंकाराच्या लेकीच्या लग्नात बापाने त्याला पुढे बसवलं. "यजमान खूश झाले तर कोरा तुझा," म्हणाला. आई सिरा शेजारी लोखंडी नळीवर सळई घासत ठेका धरून होती.

मादी रंगात आला. चौदा पिढ्या गायला आणि पंधराव्याला गप्प झाला. यजमानाच्या आजोबांचं, फामोरीचं नाव त्याने गायलंच नाही, नुसत्या तारा छेडत राहिला. त्याच्या मते याहून मोठा मान त्याने कुणाला दिला नव्हता. मूर्ख लेकाचा. भाटाने नाव गाळलं म्हणजे तो पूर्वज त्या कुळाचाच नव्हे, हे कीतातलं शेंबडं पोरही जाणतं.

बुरामा उठला. "माझा आजा कुणाचा होता रे? सांग की सगळ्यांना."

"मालक, नाव वाजवलं मी. तारांवर होतं."

"तारा साक्ष देणार का माझ्या व्याह्यांना?"

व्याही चपला शोधू लागले होते. बाकारी काठी टेकत उभा राहिला. एका बाजूला पिढीजात यजमान, दुसऱ्या बाजूला एकुलता एक पोरगा. त्याला फार विचार करावा लागला नाही.

"रागावू नका, मालक. हा भाट नाहीच. माझ्या रक्ताचा नाही. कुठून आणलाय ते हिला विचारा. असल्याचं काय मनावर घ्यायचं?"

लोक खो खो हसले. व्याही परत बसले. म्हाताऱ्याने मादीच्या हातातून कोरा काढून घेतला, फामोरीचं नाव तीनदा गायलं आणि रीतीप्रमाणे शेवटी स्वतःचं कूळ सांगितलं. पणजा, आजा, बाप, मी. तिथे गाणं थांबवलं, तारा चालूच होत्या. सिराचा ठेका एकदाही चुकला नाही. तोंडाने नाही तर तारांवर तरी आपलं नाव येईल म्हणून मादी कान देऊन ऐकत राहिला. बाप नेहमीची धून सरळ वाजवून उठला.