काकूंचा झिरो

काकूंच्या घरी माणसाआधी मायक्रोमीटरला बसायला जागा मिळायची. जयपूरच्या सीतापुरा भागातल्या कारखान्यांतली माणसं भर उन्हात, स्कूटरच्या डिकीत ही मापायची यंत्रं घालून शास्त्री नगरात यायची. यंत्र हातात आलं, की काकू ते संगमरवराच्या एका सुट्या फरशीवर ठेवायच्या. "उन्हातनं आलंय. निवू दे जरा." तापलेलं पोलाद फुगतं आणि माप खोटं सांगतं, हे ठाऊक असूनही घाई करणारे असायचेच. एकाने "आंटीजी, जल्दी है" म्हटलं, तर काकूंनी त्याच्यापुढे शाळेची पट्टी ठेवली. "जल्दी है तो इससे नाप लो, भैया." त्याने मुकाट्याने पाणी मागितलं.

मी सांगलीची. सीतापुऱ्यात तपासणी विभागात नोकरी, आणि काकूंच्या माडीवर भाड्याने. काकू कोल्हापूरकडच्या, बाई असून "मी येतो, मी बघतो" म्हणणाऱ्या. काका फौजेच्या वर्कशॉपमध्ये होते. निवृत्तीनंतर दोघांनी मागच्या खोलीत ही दुरुस्ती सुरू केली आणि काका गेल्यावर काकूंनी ती एकटीने चालवली. त्या खोलीत कूलर नव्हता. अख्खं जयपूर कूलरपुढे लोळत असताना ही बाई मांडीवर पंचा घेऊन, दर दोन मिनिटांनी बोटं पुसत बसायची. का, तर कूलरच्या ओलसर हवेने पोलाद गंजतं! "मला गंज चढला तर चालतोय, ह्यास्नी न्हाई."

विनय वगैरे भानगड काकूंकडे नव्हती. मायक्रोमीटरच्या जबड्यांमधून कोऱ्या कागदाची पट्टी ओढायची, तिच्यावर काळा डाग उमटेनासा होईपर्यंत. मग जबडे मिटवून माप बरोबर शून्यावर आणायचं, म्हणजे झिरो जुळवायचा, आणि भिंग बाजूला ठेवून मला विचारायचं, "आख्ख्या जयपुरात असा झिरो लावणारं दुसरं कोण हाय, दाखव की!" मी कुठून दाखवणार? नव्हतंच कोणी. दर रविवारी मी त्यांच्याशेजारी बसून ते शिकत होते.

खरी ऐट सकाळची. देवपूजा झाली, की काकू आपल्या मायक्रोमीटरने ठरलेल्या मापाचा एक पोलादी ठोकळा मापायच्या. रोज तोच, काकांच्या वेळचा. एकदा, परत एकदा. दोन्ही मापं जुळली तरच कामाला बसायचं. "आधी मी बरोबर हाय का बघतो, मग त्यास्नी बघतो."

गेल्या हिवाळ्यात त्यांचे हात कापायला लागले. पुण्याचा मुलगा मागे लागला, बंद कर आणि इकडे ये. पण काकूंचा सगळा जीव त्या खोलीत. "माझा हात सांगंल तवा येतो," असं त्यांनी त्याला ठणकावलं. तेव्हापासून मी रोज सकाळी जिन्यात थांबायची. खालून "जुळलं गं!" अशी आरोळी आली, की मगच बस पकडायची.

होळीनंतर एका सकाळी आरोळी आली नाही. खाली गेले, तर काकूंनी ठोकळा माझ्यापुढे सरकवला. मी मापलं, परत मापलं. जुळलं.

"म्हंजे यंत्र बरोबर हाय," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते, मान ताठ होती.

त्याच दिवशी त्यांनी गिऱ्हाइकांना बोलावून ज्याची त्याची यंत्रं परत दिली. सांगानेरचा लेथ मशीनवाला, जुनं गिऱ्हाईक, हात जोडून म्हणाला, "आंटीजी, थोड़ा-बहुत फ़र्क़ चलेगा." काकू कडाडल्या, "थोड़ा-बहुत चलता, तो मेरे पास क्यों आते थे?" एवढा अभिमान मला माझ्या स्वतःच्या डिग्रीचाही कधी वाटला नव्हता.

काकू पुण्याला गेल्या. फरशी, भिंग, ठोकळा आणि स्वतःचा मायक्रोमीटर माझ्या हवाली करून गेल्या, पण मी नुसती धूळ पुसत होते. परवा रविवारी तोच लेथवाला आला. त्याने आपला मायक्रोमीटर स्वतःच फरशीवर ठेवला आणि तो निवायची वाट बघत शेजारी बसून राहिला. मी उठले. आत जाऊन ठोकळा काढला, मापला आणि मग काकूंना फोन लावला.

"काकू, त्याचा मायक्रोमीटर मी उघडू का?"

"आधी सोताला बघितलंस?"

"दोनदा. जुळलं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग तीच जुनी आरोळी.

"मग मला कशाला इचारतीस? बस कामाला!"