घरमालकाचा दाखला

माझे थोरले दीर माणसांवर विश्वास ठेवत नाहीत, कागदावर ठेवतात, आणि तोही सही-शिक्का असेल तरच. तीस वर्षं सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत लोकांचे गोपनीय अहवाल लिहून ते निवृत्त झाले, पण बदलापूरचं घर अजून कचेरीसारखंच चालवतात. मिक्सरच्या वॉरंटीची एक प्रत दिवाणखान्याच्या कपाटात, दुसरी आतल्या. जाऊबाई माहेरी निघाल्या की हे त्यांच्याकडे फ्रिजमध्ये काय काय ठेवलंय याची यादी मागतात, खाली सहीसकट. चामटोलीच्या दूधवाल्याकडे पहिल्याच दिवशी भाऊजींनी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. तो बिचारा म्हणाला, "काका, माजं आनतो. म्हशीचं पन लागंल का?" यावर त्यांनी क्षणभर खरोखर विचार केला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी, आमची केतकी, नोकरीसाठी डब्लिनला गेली. तिथे भाड्याचं घर मिळणं म्हणजे दिव्यच. तिचे आठ अर्ज परत आले होते. मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपत होती आणि शनिवारी मैत्रिणीच्या सासूबाई यायच्या होत्या, म्हणजे सोफाही जाणार. नवव्या घराच्या एजंटबाईंनी तीन कागद मागवले: कंपनीचं पत्र, बँकेचं पत्र आणि आधीच्या घरमालकाचा दाखला, तोही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. दोन होते. तिसरा आणणार कुठून? ही मुलगी बापाच्या घरातून जी निघाली ती कंपनीच्या गेस्ट हाउसात आणि तिथून सोफ्यावर. शेवटी तिने फोन केला, "बाबा, घर तुमच्या नावावर आहे ना? मग तुम्हीच लिहा. चार ओळी. मुलगी गुणी आहे, घर नीट ठेवते. बस्स."

भाऊजींकडे चार ओळी मागणं ही तिची चूक. त्यांनी फाइल उघडली. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सोसायटीचं ना-हरकत, पोलिओ डोसचं कार्ड, सगळ्याच्या सत्यप्रती घेऊन उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या सिंधी नोटरीकडे गेले. तो शिक्के मारून दमला. "साईं, इतने पेपर में तो मैं पूरी बिल्डिंग बिकवा दूं!" तिथून ते अंबरनाथ पूर्वेला माझ्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात आले. एजंटबाईंचा प्रश्नांचा फॉर्म मी स्क्रीनवर उघडला. ते मराठीत सांगणार, मी इंग्रजीत टाइप करणार.

"भाडेकरूशी नातं?"

"पिता. खरं ते लिही. आणि भाडं कधीही आकारलेलं नाही."

"घराची निगा कशी राखते?"

"समाधानकारक. मात्र ओला टॉवेल गादीवर टाकते. वारंवार तोंडी समज देऊनही सुधारणा नाही."

माझे हात थांबले. "भाऊजी, पोरीला घर मिळवून द्यायचंय की मेमो?"

"वंदना, नुसतं गोड लिहिलं की वरिष्ठांना संशय येतो. एक प्रतिकूल शेरा हवाच."

"मग निदान पाठवायच्या आधी तिला तरी दाखवा."

"गोपनीय अहवाल ज्याचा त्याला दाखवायची पद्धत नाही."

मी टॉवेल गुपचूप गाळला. त्यांनी प्रिंट काढायला लावली, बोट ठेवून वाचली आणि टॉवेल परत घालून घेतला. उलट सोबत टाकीचा नळ उघडा ठेवल्याची एक नोंद वाढली. पोरगी रस्त्यावर येणार ती बापाच्या प्रामाणिकपणामुळे, अशी माझी खात्री पटली आणि मी तसं तोंडावर म्हटलंसुद्धा.

फॉर्ममधला शेवटचा प्रश्न होता: या भाडेकरूला पुन्हा जागा द्याल का?

एवढा वेळ धडाधड सांगणाऱ्या माणसाने चष्मा काढला. दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी म्हटलं, "भाऊजी, काय लिहू?"

"लिही... केव्हाही. पूर्वसूचनेची गरज नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "खोली रिकामी ठेवली आहे, असंही लिही." आणि माझ्या हाताखालून बोट घालून त्यांनी स्वतःच मेल पाठवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केतकीचा फोन मलाच. "काकू! टॉवेल? एजंटबाई मला अख्खा फॉर्म वाचून दाखवत हसत होत्या! तू असताना असं जाऊच कसं दिलंस?" मग तिनेच सांगितलं की घर मिळालं, शुक्रवारी चावी. टॉवेलमुळे मिळालं की टॉवेल असूनही मिळालं, हे कुणी सांगितलं नाही. पुढे म्हणाली, "शेवटचं ते बाबांनीच सांगितलं लिहायला?"

"हो. मी फक्त टाइप केलं."

ती म्हणाली, "बाबांना तूच कळव गं. मी आत्ता केला तर रडेन."

मी लगेच कळवलं. घर केवढं, कितव्या मजल्यावर, यातलं भाऊजींनी काहीच विचारलं नाही.

"करार किती वर्षांचा?"

"दोन."

"वाढवून मिळतो?"

"मिळतो, म्हणाली."

"मिळणारच," ते म्हणाले. "इतका चांगला भाडेकरू हातचा कोण सोडतो?"