शेजाऱ्याची अरबी घोडी

कापसाचे भाव चढले, तशी अकोल्यातल्या आमच्या शेजारच्या दलालानं अरबी घोडी घेतली. येईल त्याला ओट्यावर बसवून तो तिचं खानदान ऐकवायचा. तिची आजी म्हणे शेखाच्या तंबूत निजायची, पणजीनं जखमी स्वाराला वाळवंटातून घरी आणलं होतं. सांगताना मिशा अशा कुरवाळायचा, जणू पणजी त्याचीच!

घोडी व्याली, तर शिंगरू धोब्याच्या तट्टासारखं चितकबरं निघालं. यानं ते ओल्या अंगानंच अंगणात ओढून आणलं.

"खानदान बाटलं! हे माह्या घोडीचं नाईच!" तो ओरडला. आत घोडी दाव्याला हिसडे देत खिंकाळत होती.

"मंग तिले सांगा ना तसं!" मी संतापून म्हणालो आणि शिंगरू उचलून आत नेलं. घोडी त्याला चाटू लागली. दलाल पुढे सरकला, तेव्हा तिनं कान मागे पाडून त्याला दात दाखवले.