तक्त्यावरचं पूर्ण नाव

"ह्यो ओढा कारखान्याकडनं येतो, आमच्या घरामागं हाय. सोमवारी पाणी चहासारखं हुतं. आज बघा."

हॉलभर ऋतुजाचा आवाज घुमला. चेअरमन साहेबांनी तिचा तक्ता स्वतःच्या मोबाइलवर स्कॅन केला होता. हसत हसत केला होता. व्हिडिओ संपला तेव्हा ते हसत नव्हते.

मी विज्ञान शिकवतो. आमची शाळा साखर कारखान्याच्या संस्थेची, त्यामुळं कारखान्याचे चेअरमन तेच शाळेचे. त्या वर्षी आठवीला सांगितलं, विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलची मॉडेलं नकोत. पुस्तकातलं जलप्रदूषण आपल्या दारात मोजा. रोज एकाच जागी पाण्याचा फोटो काढा आणि पीएच पट्टी बुडवा. ही कागदाची पट्टी असते. तिच्या रंगावरून पाणी किती आम्लधर्मी आहे ते कळतं. तीन आठवड्यांच्या फोटोंचे व्हिडिओ करून आम्ही तक्त्यावरच्या क्यूआर कोडला जोडले. किराणा दुकानात स्कॅन करतो, तोच चौकोन. रोजच्या पाण्याच्या बाटल्या फिक्यापासून काळ्यापर्यंत ओळीनं मांडायची कल्पना मात्र ऋतुजाची स्वतःची.

नावाचा हट्ट माझा होता. हेडसर म्हणाले होते, "नुसतं आठवी ब लिवा की." मी ऐकलं नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. निकालाच्या बोर्डावर माझं पूर्ण नाव लागलं तेव्हा वडिलांनी त्यावरून बोट फिरवलं होतं. म्हणून ठळक छापून घेतलं, ऋतुजा सर्जेराव कांबळे.

साहेबांनी तेच वाचलं.

"सर्जेराव म्हंजे बॉयलिंग हाउसचा?"

"व्हय साहेब," मागून कोणीतरी म्हणालं. "सिझनल हाय."

बॉयलिंग हाउस म्हणजे कारखान्यात उसाचा रस आटवतात तो विभाग, आणि सिझनल म्हणजे गाळप हंगामापुरता कामगार. त्या वर्षी त्यांना कायम करणार होते. घरात सगळे कायम होणाऱ्यांच्या यादीची वाट बघत होते, हे ऋतुजानं मला सांगितलं होतं.

"पोरगी हुशार हाय," म्हणत साहेबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, सुटलो.

दुपारी हेडसरांनी तक्ता काढायला लावला. मी भांडलो.

"सर, आकडे खोटे आहेत का?"

"खरं हायत म्हणूनच काढा. तुम्ही परमनंट. तुम्हाला कोण हात लावतंय? त्या माणसाचं बघा."

यादी लागली. सर्जेरावांचं नाव नव्हतं. पुढच्या हंगामाला बोलावणार नाहीत, असंही कळलं. मी कारखान्याच्या टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या कचेरीत, गेलो. प्रकल्प माझा, चूक माझी, असं सांगितलं.

"प्रकल्पाचा काय संबंध सर?" क्लार्क म्हणाला. "माणसं कमी केल्यात."

कागदावर खरंच काही संबंध नव्हता.

जूनमध्ये सर्जेराव ऋतुजाचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. गाव सोडून कळंब्यात मेव्हण्याकडं राहायचं, बांधकामावर सेंट्रिंगच्या कामाला जायचं, असं ठरलं होतं. ऋतुजा फाटकापाशीच थांबली. मी माफी मागितली.

"पोरीनं खोटं काय केलं न्हाय सर," ते म्हणाले. "पण तुम्ही मला एकदा इचारायला पायजे हुतं. त्या तक्त्यावर माझं बी नाव हुतं की."

आता असा प्रकल्प घ्यायच्या आधी मी घरोघर जातो. वडील कुठं कामाला आहेत, तेही विचारतो. बहुतेक जण नको म्हणतात. मग प्रकल्प होत नाही. ओढा तसाच वाहतो. हे बरोबर नाही, मला कळतं. तरी विचारतो.