विहारापुढचा मुरूम

आमचं रान माले गावाच्या वरच्या अंगाला, उताराचं. भाताची खाचरं सगळी खालच्या लोकांची, आमच्या वाट्याला नाचणी आणि वरी. सासूबाई जन्मभर दुसऱ्यांच्या चिखलात भात लावत आल्या. "एकदा आपल्या खाचरात उभी ऱ्हाऊन भाताचं आवण लावीन, मग मेले तरी चालंल," असं त्या म्हणायच्या.

उन्हाळ्यात आमच्या यांनी जेसीबी ठरवला. त्याआधी तलाठ्यांना विचारून आले. स्वतःच्या रानातली माती स्वतःच्याच रानात सपाट केली तर हरकत नाही, पण गटाबाहेर न्यायची तर तहसीलची परवानगी लागेल, असं त्यांनी सांगितलं. यांनी ते घरी येऊन सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "आपण कुटं माती इकतोय?"

आम्हा सगळ्यांना तेवढंच समजलं, की विकायची नाही.

यंत्रवाल्याने आधी वरची काळी माती खरवडून एका कडेला ढीग केला. नीट काम असंच करतात. मग वरचा मुरूम तोडून खाली भरायचा आणि शेवटी काळी माती परत पसरायची. ती माती काळी होती ती सासूबाईंच्या राबामुळे. दरवर्षी शेण, पालापाचोळा जाळून त्या रोपाची जागा करायच्या. ढिगात कोळशाचे बारके तुकडे दिसत होते.

जयंती जवळ आली होती. विहारापुढं खड्डे होते. सासूबाईंनी यांना सांगून ट्रॅक्टर भरून मुरूम तिकडे पाठवला. कुणाच्याही घरची जागा खणली की त्यातलं काही विहाराला जायचं, ही आमच्या वस्तीची रीत. जयंतीला सगळे त्या मुरुमावर उभे राहिले. सासूबाई नवं पातळ नेसल्या होत्या.

मग तलाठी आले. कुणीतरी कळवलं होतं, कुणी ते कळलं नाही. त्यांनी उतार बघितला, चाकांच्या खुणा बघितल्या आणि विचारलं, "मुरूम बाहेर गेलाय का?"

मी पदर ओढून बांधावर उभी. हे काही बोलणार तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. "गेलाय की! विहारापुढं जाऊन बघा सायेब. आमच्याच रानातला हाय. सगळी नावाजत्यात."

तलाठ्यांनी हातातली वही उघडली. "आजी, हे तुम्ही नसतं सांगितलं तर बरं झालं असतं."

"का वो? चोरी केली व्हय आमी?"

पंचनामा झाला. काम बंद. निकाल लागेपर्यंत रानातलं काही हलवायचं नाही. यांनी विचारलं, "निदान काळी माती तरी घमेल्यानं पसरू का? पावसाची वेळ हाय." तलाठी म्हणाले, "ढिगाला हात लावू नका, मोजायचाय तो."

मोजायला कुणी आलं नाही. हे पौडला तहसील कचेरीत जात राहिले, साहेब नाहीत, असं ऐकून परत येत राहिले. मी ढिगावर गोणपाटं टाकून वर दगड ठेवले.

वळीव एका दुपारी आला. आम्ही घरातून बघत होतो. गोणपाटं आधी गेली, मग ढीग बसत गेला आणि काळं पाणी बांध फोडून खालच्या फार्महाऊसच्या कुंपणातून आत गेलं. सासूबाई दारात बसल्या होत्या. "माझा राब चाललाय," एवढंच म्हणाल्या.

काम पुढे करायची परवानगी पावसाळा संपल्यावर आली. दंडही झाला, तो भरला. रान आता सपाट आहे, पण वर नुसता मुरूम. त्यात गवतसुद्धा धड उगवत नाही.

सासूबाई विहारात जात नाहीत. घरीच हात जोडतात. बायका बोलवायला आल्या की म्हणतात, "पाय दुकत्यात."

मी खालच्या फार्महाऊसवर निंदणीला जाते. कुंपणालगतच्या वाफ्यात झेंडू चांगला आलाय. माती हातात घेतली की कोळशाचे तुकडे लागतात. घरी जाण्याआधी मी नखं घासून धुते, सासूबाईंना दिसू नयेत म्हणून.